मोटेल

मोटारीने प्रवास करणाऱ्यांना मार्गालगत रात्रीपुरता निवारा आणि वाहन उभे करण्यासाठी जागा या दोन्ही गोष्टी एकाच आवारात, सामान्यतः अल्प भाड्यात, पुरविणारे निवासगृह. ‘मोटर’ व ‘हॉटेल’ या दोन शब्दांच्या संयोगाने ‘मोटेल’ हा शब्द बनला आहे. शहराच्या मध्यभागी, रेल्वेस्थानकाजवळ उभ्या असलेल्या बहुमजली ⇨ हॉटेलाहून मोटेलचे स्वरूप मुळातच वेगळे आहे. मोटेल हे गावाच्या वेशीवर किंवा दोन गावांच्या दरम्यान महामार्गाला लागून असते. त्याची इमारत एक वा दोन मजल्यांची असून प्रत्येक खोलीचे दार बाहेरच्या वाहनतळावर उघडते. त्यामुळे प्रवाशाला आपली मोटार खोलीच्या दारापर्यंत आणता येते व सामान स्वतःच उतरवून घेता येते. प्रशस्त दालन, हमाल, भोजनगृह यांसारख्या गोष्टी मोटेलमध्ये बहुधा नसतात आणि त्यांच्या अभावामुळेच भाडे कमी ठेवणे शक्य होते. हा निवासप्रकार विसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) उदयास आला आणि तेथील मोटारप्रवासाच्या, महामार्गांच्या व नागरी हक्कांच्या इतिहासाशी त्याचे निकटचे नाते आहे.

पूर्वपीठिका : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील लांबचा प्रवास प्रामुख्याने रेल्वेने होत असे व उतारूंची सोय स्थानकानजीकच्या हॉटेलांत केली जाई. हेन्री फोर्ड (१८६३–१९४७) यांनी १९०८ मध्ये ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारात आणली. सुरुवातीस ८५० डॉलर असलेली तिची किंमत १९२० नंतर ३०० डॉलरच्याही खाली आली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोटींहून अधिक मोटारी तयार झाल्या. शेतकरी, कारागीर, लहान व्यापारी असे पूर्वी क्वचितच दूरवर जाणारे लोक त्यामुळे प्रवासाला निघू लागले. दिवसभर धुळीच्या रस्त्यांवरून मोटार हाकून आलेल्या या प्रवाशांना शहरातील हॉटेले सोयीची वाटत नसत. मळक्या कपड्यांनिशी भपकेबाज दालनातून जाणे, हमाल व नोकर यांना बक्षिसी देणे, मोटार दूरच्या गॅरेजमध्ये ठेवणे या गोष्टी त्यांना खर्चिक व संकोचाच्या वाटत. परिणामी अनेक जण मोटारीला लागूनच तंबू ठोकून रस्त्याच्या कडेला मुक्काम करीत.

रस्त्यालगतच्या शेतांची नासधूस, उघड्यावरील चुली आणि अस्वच्छता यांमुळे शेतकऱ्यांच्या तक्रारी येऊ लागल्या. तेव्हा अनेक नगरपालिकांनी गावाजवळ मोकळ्या जागा राखून ठेवल्या व तेथे पाणी, चुली आणि शौचालये यांची विनामूल्य सोय केली. मुक्कामाला आलेला प्रवासी गावातील दुकानांत खरेदी करील, हा या औदार्यामागील हेतू होता. पश्चिमेकडील डेन्व्हर शहराचा ओव्हरलँड पार्क हा तळ त्यांपैकी विशेष प्रसिद्ध होता. पुढे या तळांवर कामाच्या शोधात हिंडणारी निर्धन कुटुंबे दीर्घकाळ राहू लागली, तेव्हा नगरपालिकांनी प्रथम मुक्कामाचे दिवस मर्यादित केले व नंतर शुल्क आकारण्यास सुरुवात केली. शुल्क आकारले जाऊ लागताच खाजगी व्यावसायिकांनाही या क्षेत्रात वाव मिळाला. पेट्रोलपंप किंवा किराणा दुकान चालविणाऱ्यांनी आपल्या जागेत तंबूंऐवजी लाकडी झोपड्या बांधल्या. सुरुवातीस त्यांत केवळ खाट व टेबल असे. अंथरूण, चूल आणि पाणी यांसाठी वेगळे पैसे पडत. हळूहळू या झोपड्यांच्या जागी पक्क्या कुटी आल्या. मग त्या एका छपराखाली जोडल्या गेल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत मोटारी उभ्या राहू लागल्या. या रचनेस ‘मोटर कोर्ट’ असे म्हणत. मोटेल हे तिचेच विकसित रूप होय.

नामकरण व आरंभीचा विस्तार : ‘मोटेल’ हे नाव धारण करणारे पहिले निवासगृह कॅलिफोर्निया राज्यातील सॅन लुईस ओबिस्पो येथे १२ डिसेंबर १९२५ रोजी सुरू झाले. लॉस अँजेल्स व सॅन फ्रान्सिस्को या शहरांच्या जवळजवळ मध्यावर हे गाव आहे आणि त्या काळी हे अंतर मोटारीने एका दिवसात कापणे कठीण असल्याने तेथे रात्रीचा मुक्काम करणे सोयीचे होते. वास्तुशिल्पज्ञ आर्थर हाइनमन यांनी स्पॅनिश मिशनांच्या धर्तीवर मनोरा असलेली ही वास्तू उभारली. ‘माइलस्टोन मोटर हॉटेल’ हे पूर्ण नाव फलकावर मावेना, म्हणून त्यांनी ‘मो-टेल’ असे संक्षिप्त रूप योजिले, असे सांगितले जाते. रात्रीचे भाडे सव्वा डॉलर होते. या शब्दाचे एकाधिकार मात्र हाइनमन यांना मिळू शकले नाहीत. त्यामुळे तो सर्वांना खुला राहिला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर सर्वत्र रूढ झाला.

या वाढीला शासनाच्या रस्तेविषयक धोरणाची जोड मिळाली. १९१६ व १९२१ च्या कायद्यांन्वये संघशासनाने राज्यांना रस्त्यांसाठी अर्थसाहाय्य देण्यास प्रारंभ केला आणि १९२६ मध्ये प्रमुख महामार्गांना देशभर एकसूत्री क्रमांक देण्यात आले. त्यांपैकी शिकागोपासून कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याकडे जाणारा, सु. ३,९०० किमी. लांबीचा महामार्ग क्रमांक ६६ हा मोटेलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला. १९२९ मध्ये एडगर ली टॉरन्स यांनी टेक्सस राज्यातील वेको येथे ‘ॲलामो प्लाझा’ हे निवासगृह सुरू केले. सॅन अँटोनिओ येथील ऐतिहासिक ॲलामो मिशनच्या दर्शनी भागाची नक्कल असलेली त्याची पांढरी भिंत दुरूनही ओळखू येई. त्याच आकाराची आणखी निवासगृहे इतर शहरांत उघडण्यात आली व त्यांतून मोटेलांच्या साखळीची पहिली कल्पना साकार झाली.

त्याच वर्षी आलेल्या जागतिक महामंदीने शहरी हॉटेलांचे कंबरडे मोडले; रस्त्यावरची स्वस्त निवासगृहे मात्र टिकून राहिली, इतकेच नव्हे, तर वाढली. व्यापारी प्रतिनिधींनी खर्च वाचविण्यासाठी रेल्वे व हॉटेल सोडून मोटार व मोटेल जवळ केले. शेती किंवा नोकरी गमावलेल्या अनेक कुटुंबांनी उरलेली पुंजी घालून स्वतःच्या श्रमाने आठ-दहा खोल्या बांधल्या. पती बाहेरची डागडुजी पाही, पत्नी खोल्या झाडी व चादरी धुई, मुले फलक रंगवीत आणि सर्व कुटुंब दर्शनी भागातील कार्यालयामागे राही. मालकाचे घर आणि व्यवसाय एकाच छताखाली असणे, हे स्वस्त मोटेलच्या अर्थकारणाचे सूत्र तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

भरधाव जाणाऱ्या मोटारीतील प्रवाशाला काही क्षणांतच थांबण्याचा निर्णय घ्यावा लागे. त्यामुळे त्याचे लक्ष वेधून घेण्यासाठी नाना युक्त्या योजण्यात आल्या. रात्री दुरून दिसणारे निऑन दिव्यांचे फलक आणि ‘खोली रिकामी आहे’ किंवा ‘नाही’ हे सांगणारी उजळती-विझती अक्षरे ही मोटेलची खूणच बनली. केंटकी राज्यात फ्रँक रेडफर्ड यांनी १९३० नंतरच्या दशकात मूळ अमेरिकन रहिवाशांच्या शंक्वाकृती तंबूंसारख्या दिसणाऱ्या काँक्रीटच्या कुटी उभारल्या. ॲरिझोना राज्यातील हॉलब्रुक येथे १९५० मध्ये उभारलेल्या अशाच मोटेलात खोलीतील रेडिओ अर्धा तास ऐकण्यासाठी दहा सेंटचे नाणे टाकावे लागे आणि या नाण्यांची रक्कम आराखड्याचे स्वामित्वशुल्क म्हणून रेडफर्ड यांना मिळे. केंटकीतील कॉर्बिन येथे हार्लंड सँडर्स (१८९०–१९८०) यांनी आपल्या भोजनगृहातच मोटेलची नमुन्यादाखल सजविलेली एक खोली ठेवली होती. जेवणासाठी उतरलेल्या कुटुंबातील स्त्रियांनी ती पाहावी व तिच्या स्वच्छतेची खात्री पटून कुटुंबाने रात्रीचा मुक्काम तेथेच करावा, असा त्यामागील उद्देश होता.

स्वच्छतेविषयीची ही शंका निराधार नव्हती. ज्याच्या दारी मोटार आली, त्याला खोली मिळते; तो कोण, कोठला, हे फारसे विचारले जात नाही; नोंदवहीत खोटे नाव लिहिले, तरी ते पडताळले जात नाही, अशी मोटेलांची ख्याती होती. केंद्रीय अन्वेषण विभागाचे संचालक जे. एडगर हूव्हर (१८९५–१९७२) यांनी १९४० मध्ये अमेरिकन मॅगझिन या मासिकात लेख लिहून प्रवासी-तळ हे गुन्हेगारांचे आश्रयस्थान असल्याचा आरोप केला. चित्रपट व साहित्य यांतही मोटेलची दोन्ही रूपे उमटली. फ्रँक काप्रा यांच्या इट हॅपन्ड वन नाइट (१९३४) या चित्रपटात प्रवासी-तळावरील मुक्काम विनोदाचा विषय झाला (याच कथेवरून हिंदीत चोरी चोरी हा चित्रपट १९५६ मध्ये निघाला), तर ॲल्फ्रेड हिचकॉक यांच्या सायको (१९६०) या चित्रपटात आडमार्गावरील मोटेल हे भीतीचे प्रतीक बनले. अपकीर्ती दूर करण्यासाठी मालकांनी संघ स्थापून किमान दर्जाचे नियम ठरविले आणि एकमेकांकडे प्रवासी पाठविण्याची पद्धत सुरू केली. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेला ‘बेस्ट वेस्टर्न’ हा अशाच संघांपैकी होय.

वंशभेद व नागरी हक्क : पैसे देणाऱ्या कोणाही प्रवाशाला खोली, हे मोटेलचे ब्रीद कृष्णवर्णीय प्रवाशांपुरते दीर्घकाळ खोटे होते. दक्षिणेकडील राज्यांत कायद्याने व रूढीने, तर उत्तरेत व पश्चिमेत बहुधा केवळ रूढीने, गोऱ्यांच्या निवासगृहांचे दरवाजे त्यांना बंद असत. सूर्यास्तानंतर कृष्णवर्णीयांनी थांबू नये असा दंडक असलेली अनेक गावेही होती. मोटार विकत घेण्याची ऐपत असलेला कृष्णवर्णीय शिक्षक किंवा वैद्य कुटुंबासह प्रवासाला निघाला, की शिदोरी, पाणी, पेट्रोल यांचा साठा बरोबर घेई आणि पुष्कळदा रात्र मोटारीतच काढी. ‘खोली रिकामी आहे’ असा फलक झळकत असताना त्याला मात्र ‘जागा नाही’ असे सांगितले जाई.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन (१८९२–१९६०) यांनी १९३६ मध्ये द निग्रो मोटरिस्ट ग्रीन बुक ही मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कृष्णवर्णीय प्रवाशांना सन्मानाने उतरता येईल अशी हॉटेले, मोटेले, खाजगी घरे, भोजनगृहे व पेट्रोलपंप यांची गावनिहाय यादी तीत असे. आरंभी न्यूयॉर्क परिसरापुरती मर्यादित असलेली ही पुस्तिका लवकरच देशव्यापी झाली. एक दिवस अशा पुस्तिकेची गरजच उरू नये, अशी अपेक्षा तिच्या प्रकाशकाने स्वतःच व्यक्त केली होती. १९६६-६७ ची आवृत्ती ही तिची अखेरची आवृत्ती होय. याच काळात कृष्णवर्णीयांच्या मालकीची मोटेले नागरी हक्कांच्या चळवळीची केंद्रे बनली. ॲलाबॅमा राज्यातील बर्मिंगहॅम येथे उद्योजक ए. जी. गॅस्टन यांनी १९५४ मध्ये उघडलेल्या मोटेलमध्ये १९६३ च्या आंदोलनाच्या वेळी मार्टिन ल्यूथर किंग (१९२९–६८) व त्यांचे सहकारी यांचा तळ होता. त्याच वर्षी मे महिन्यात त्यावर बाँब टाकण्यात आला.

नागरी हक्क अधिनियम २ जुलै १९६४ रोजी संमत झाला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाने प्रवाशांना जागा देणाऱ्या निवासगृहांत वंश, वर्ण, धर्म वा राष्ट्रीय मूळ यांवरून भेदभाव करण्यास मनाई केली. जॉर्जिया राज्यातील अटलांटा शहरातल्या २१६ खोल्यांच्या ‘हार्ट ऑफ अटलांटा’ या मोटेलच्या मालकाने या तरतुदीला ताबडतोब न्यायालयात आव्हान दिले. आपल्या मालमत्तेत कोणाला ठेवावे हे ठरविण्याचा अधिकार मालकाचा आहे आणि इच्छेविरुद्ध सेवा देण्यास भाग पाडणे ही वेठबिगारीच होय, असा त्याचा युक्तिवाद होता. हे मोटेल आंतरराज्य महामार्गांच्या जवळ असून त्यातील सु. ७५ टक्के प्रवासी राज्याबाहेरून येत. सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर १९६४ रोजी एकमताने निर्णय दिला, की प्रवाशांच्या मार्गातील असा अडसर आंतरराज्य वाणिज्याला बाधक आहे; सबब तो दूर करण्याचा काँग्रेसला अधिकार आहे. अशा रीतीने वंशभेदविरोधी कायद्याची घटनात्मक वैधता एका मोटेलच्या दाव्यातून प्रस्थापित झाली.

४ एप्रिल १९६८ रोजी टेनेसी राज्यातील मेंफिस येथील लॉरेन मोटेलमध्ये, ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेरील सज्जात, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. वॉल्टर बेली या कृष्णवर्णीय व्यावसायिकाने १९४५ मध्ये हे निवासगृह विकत घेऊन वाढविले होते. भेदभाव संपताच कृष्णवर्णीय प्रवाशांना इतरत्रही खोल्या मिळू लागल्या व त्यांच्या हक्काच्या या जुन्या मोटेलांचा व्यवसाय ओसरला. लॉरेन मोटेल पुढे बंद पडले. १९९१ मध्ये तेथे राष्ट्रीय नागरी हक्क संग्रहालय उघडण्यात आले.

साखळी मोटेले व आंतरराज्य महामार्ग : युद्धकाळात पेट्रोल व टायर यांच्या नियंत्रित वाटपामुळे मोटारप्रवास मंदावला होता, १९४५ नंतर त्याला उधाण आले. मेंफिस येथील बांधकाम व्यावसायिक केमन्स विल्सन (१९१३–२००३) हे १९५१ मध्ये पाच मुलांसह वॉशिंग्टनच्या सहलीस गेले असता, वाटेतील मोटेलांनी प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा आकारले; शिवाय खोल्यांचा दर्जाही अनिश्चित होता. परतल्यावर त्यांनी सर्वत्र एकाच आकाराच्या व दर्जाच्या खोल्या आणि मुलांना मोफत मुक्काम या तत्त्वांवर निवासगृहांची योजना आखली. ऑगस्ट १९५२ मध्ये मेंफिस येथे पहिले ‘हॉलिडे इन’ सुरू झाले. ठराविक शुल्क घेऊन इतरांना आपले व्यापारनाम वापरू देण्याच्या पद्धतीने त्याचा झपाट्याने प्रसार झाला आणि १९६५ पासून संगणकाद्वारे आरक्षणाची सोयही उपलब्ध झाली. अपरिचित गावात कशी खोली मिळेल, ही प्रवाशाची चिंता नामफलक पाहूनच मिटू लागली. पण त्याबरोबरच प्रत्येक मोटेलचे स्थानिक वैशिष्ट्यही लोपू लागले.

१९५६ च्या संघीय महामार्ग अधिनियमाने ४१,००० मैल (सु. ६६,००० किमी.) लांबीच्या आंतरराज्य महामार्गांची योजना हाती घेण्यात आली, तिचा ९० टक्के खर्च संघशासनाने उचलला. हे मार्ग गावांना वळसा घालून जात आणि त्यांवर केवळ ठराविक ठिकाणीच चढता-उतरता येई. अशा उतारांजवळची महागडी जमीन साखळी कंपन्यांनी घेतली, तर जुन्या रस्त्यावरील कौटुंबिक मोटेलांसमोरून जाणारी वाहतूक पुष्कळदा एका दिवसात थांबली. सँडर्स यांचा व्यवसायही याच कारणाने खालावला. त्यांनी १९५६ मध्ये तो तोट्यात विकला आणि तळलेल्या कोंबडीची आपली पाककृती इतर भोजनगृहांना देण्याचा उद्योग वाढविला. महामार्ग क्रमांक ६६ चा शेवटचा वापरात असलेला भाग १९८४ मध्ये ॲरिझोनातील विल्यम्स येथे वळणमार्गाने टाळला गेला व १९८५ मध्ये या महामार्गाचा क्रमांकच अधिकृतपणे रद्द झाला. अमेरिकेतील मोटेलांची संख्या १९६४ च्या सुमारास सु. ६१,००० होती, त्यानंतर ती सातत्याने घटत गेली.

हॉलिडे इनसारख्या साखळ्यांनी जलतरण तलाव, भोजनगृह, दूरचित्रवाणी या सोयींबरोबर भाडेही वाढविले, तेव्हा स्वस्त खोलीची मूळ गरज पुन्हा उघडी पडली. १९६२ मध्ये कॅलिफोर्नियातील सँता बार्बरा येथे विल्यम बेकर व पॉल ग्रीन या बांधकाम व्यावसायिकांनी रात्रीला सहा डॉलर भाड्याचे मोटेल उघडून त्याला ‘मोटेल ६’ हेच नाव दिले. भाडे ठरवून मग त्यात काय बसते ते पाहावयाचे, अशी त्यांची हिशोबाची रीत होती. भोजनगृह वगळण्यात आले, खोल्या लहान व साफसफाईस सोप्या ठेवण्यात आल्या आणि दूरचित्रवाणी पाहण्यासाठी नाणे टाकावे लागे. १९७० मध्ये जॉर्जियात सेसिल डे यांनी आठ डॉलर भाड्याचे ‘डेज इन’ आणि १९७४ मध्ये साउथ डकोटातील ॲबर्डीन येथे ८ डॉलर ८८ सेंट भाड्याचे ‘सुपर ८’ सुरू झाले. भाववाढीपुढे हे आकडे टिकले नाहीत, नावे मात्र राहिली.

भारतीय मालक : जुन्या महामार्गांवरील तोट्यातील मोटेले विक्रीस निघाली, त्यांतील पुष्कळशी भारतीय, विशेषतः गुजराती, स्थलांतरितांनी घेतली. या परंपरेचा आरंभ १९४० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियात निवासी हॉटेल चालविणारे कानजी मंछू देसाई यांच्यापासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या नागरिकांना स्थानबद्ध करण्यात आले, तेव्हा अशाच एका मालकाचे सॅक्रामेंटो येथील हॉटेल त्यांच्याकडे आले. गावाकडून येणाऱ्या नव्या माणसांना ते आश्रय देत व हाच व्यवसाय करण्याचा सल्ला देत. पुढे आलेल्यांपैकी बहुसंख्य लोक दक्षिण गुजरातेतील सुरत-नवसारी परिसरातील व चरोतरातील असून त्यांत पटेल आडनावाचे लोक विशेष होते. सुरत जिल्हा १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात समाविष्ट होता. १९६५ च्या आप्रवासविषयक कायद्याने आशियाई लोकांवरील जाचक निर्बंध दूर झाले. १९७२ मध्ये ईदी अमीन यांच्या राजवटीने युगांडातील आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा त्यांपैकीही काही कुटुंबे अमेरिकेत आली. त्यापाठोपाठ १९७३ च्या तेलसंकटाने मोटारप्रवास घटला व मोटेलांच्या किंमती उतरल्या.

मोटेल विकत घेतले की राहण्यास घर, करण्यास काम आणि मुलांना आपल्या नजरेखाली वाढविण्याची सोय एकदमच होई. इंग्रजी जुजबी असले तरी निभे. भांडवल नातेवाईक व ज्ञातिबांधव यांच्याकडून, बहुधा केवळ शब्दावर, उभे केले जाई. नोकर न ठेवता पतिपत्नी स्वतः खोल्या झाडीत, कपडे धूत आणि रात्री-अपरात्री वाजणाऱ्या घंटेला उठून दार उघडीत. महामंदीतील गोऱ्या कुटुंबांनी जे केले, तेच चाळीस वर्षांनंतर या कुटुंबांनी केले. मात्र त्यांना वेगळ्या अडचणींना तोंड द्यावे लागले. विमा कंपन्या व बँका त्यांना नाकारीत. काही स्पर्धक आपल्या मोटेलबाहेर ‘अमेरिकन मालकीचे’ असा फलक लावून प्रवाशांना सूचक इशारा देत. म्हणजे पूर्वी खोली मागणाऱ्याला सोसावा लागणारा भेद आता खोली देणाऱ्याच्या वाट्याला आला. याच्या प्रतिकारासाठी टेनेसी व जॉर्जिया या राज्यांतून संघटना निघाल्या. त्यांपैकी अटलांटा येथे १९८९ मध्ये स्थापन झालेली ‘एशियन अमेरिकन हॉटेल ओनर्स असोसिएशन’ ही पुढे देशव्यापी झाली. अमेरिकेतील निम्म्याहून अधिक हॉटेले व मोटेले तिच्या सभासदांच्या मालकीची आहेत. मीरा नायर यांच्या मिसिसिपी मसाला (१९९१) या चित्रपटात युगांडातून आलेल्या व मोटेलात राहणाऱ्या भारतीय कुटुंबाचे चित्रण आढळते. लॉस अँजेल्स शहराविरुद्ध पटेल यांनी लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ जून २०१५ रोजी निर्णय दिला, की निवासगृहाची नोंदवही पोलिसांना विनाअट दाखविण्याची सक्ती घटनाबाह्य आहे. मालकाला आधी तटस्थ अधिकाऱ्यापुढे हरकत घेण्याची संधी मिळाली पाहिजे. २०२४ मध्ये ‘ओयो’ या भारतीय कंपनीने ‘मोटेल ६’ ही साखळी विकत घेतली.

रचना व व्यवहार : मोटेलची इमारत बहुधा सरळ ओळीत किंवा इंग्रजी ‘एल’ अथवा ‘यू’ अक्षराच्या आकारात असते. दर्शनी बाजूस कार्यालय व मालकाचे निवासस्थान असते. प्रवासी नोंदवहीत नाव व मोटारीचा क्रमांक लिहितो, भाडे आगाऊ देतो आणि किल्ली घेऊन थेट खोलीत जातो. सकाळी निघताना कोणाला भेटण्याचीही गरज नसते. खोलीत एक वा दोन पलंग, न्हाणीघर, दूरचित्रवाणी आणि बहुधा ‘गिडियन’ या संस्थेने ठेवलेली बायबलची प्रत असते. बर्फाचे यंत्र बाहेर सामाईक असते. १९५८ मध्ये जॉन हौटलिंग यांनी शोधलेले, २५ सेंटचे नाणे टाकताच पाव तास पलंग हालविणारे यंत्र पुढील दोन दशकांत सर्वत्र दिसे. स्वस्त मोटेलचा जमाखर्च भरलेल्या खोल्यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. कर्जाचा हप्ता, कर व वीज हे खर्च खोली रिकामी राहिली तरी चुकत नाहीत. त्यामुळे उशिरा रात्री आलेल्या प्रवाशाला भाडे उतरवूनही खोली देणे मालकाला परवडते. चादरी धुणे व सफाई यांवरील खर्च कुटुंबाच्या श्रमाने वाचला, तर नफा उरतो.

प्रवास घटलेल्या ठिकाणी अनेक मोटेले आठवड्याच्या भाड्याने खोल्या देऊ लागली. घरभाड्याची अनामत रक्कम एकदम उभी करू न शकणारी कुटुंबे त्यांत महिनोन् महिने राहतात. दिवसाच्या हिशोबाने त्यांना साध्या घरापेक्षा अधिक भाडे पडते आणि भाडेकरूचे कायदेशीर संरक्षण मात्र सहजासहजी मिळत नाही. १९२० नंतरच्या दशकात नगरपालिकांच्या तळांवर निर्माण झालेला प्रश्नच शंभर वर्षांनी नव्या रूपात पुढे आला आहे. २०२० मधील कोरोना महासाथीच्या काळात कॅलिफोर्निया राज्यशासनाने बेघरांच्या निवाऱ्यासाठी मोटेले व हॉटेले विकत घेण्यास स्थानिक संस्थांना अर्थसाहाय्य दिले. दुसरीकडे, महामार्ग क्रमांक ६६ वरील काही जुन्या मोटेलांचे वारसावास्तू म्हणून जतन करण्यात येत आहे.

भारतातील स्थिती : भारतात पांथस्थांची सोय पूर्वापार ⇨ धर्मशाळा, सराई व मठ यांत आणि ब्रिटिश अमदानीत सरकारी अधिकाऱ्यांसाठी डाक-बंगल्यांत होत असे. धर्मशाळेतील निवारा हा पुण्यकर्माचा भाग मानला जाई. तथापि अनेक धर्मशाळा विशिष्ट ज्ञातींपुरत्या मर्यादित असत आणि अस्पृश्य मानलेल्यांना त्यांत प्रवेश नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर (१८९१–१९५६) हे अमेरिकेतील उच्च शिक्षणानंतर बडोदे संस्थानात नोकरीस गेले असता, जातीमुळे त्यांना तेथील पारशी विश्रामगृहातून बाहेर पडावे लागले. पंढरपूर येथे गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) याच उणिवेपोटी चोखामेळा धर्मशाळा उभारली व पुढे ती डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सुपूर्द केली. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले इ. सार्वजनिक ठिकाणी प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे.

खाजगी मोटारींची संख्या दीर्घकाळ अल्प असल्याने अमेरिकन पद्धतीची मोटेले भारतात फारशी रुजली नाहीत. १९७० नंतर हरयाणासारख्या राज्यांच्या पर्यटन खात्यांनी महामार्गांलगत विश्रामसंकुले बांधली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळानेही पर्यटक निवासे उभारली. बोलभाषेत ‘मोटेल’ हा शब्द येथे पुष्कळदा वाहनतळ असलेल्या, रस्त्याकडेच्या उपाहारगृहालाच लावला जातो. रात्रीचा मुक्काम हा अर्थ त्यात गृहीत नसतो. अमेरिकेत मात्र मोटेल या शब्दाचा मूळ अर्थ रात्रीची खोली हाच राहिला असून, ती कोणाला मिळावी या प्रश्नाचे उत्तर तेथील रस्त्यांनी, बाजाराने आणि न्यायालयांनी मिळून टप्प्याटप्प्याने दिले आहे.